साडूसारखीच रॅकेट घेऊ का?

पत्र थोडक्यात असं: बोरिवलीचे एक वाचक, वय ४३, नोकरी फोर्टातल्या बँकेत. आठवड्यातून तीन संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये बॅडमिंटनचं डबल्स खेळतात. पार्टनर म्हणजे त्यांचे साडू. तेही त्याच कॉम्प्लेक्समध्ये राहतात. साडूंनी मध्यंतरी योनेक्सची ॲस्ट्रॉक्स ८८ डी प्रो घेतली आणि आता त्यांचा आग्रह आहे की, "तू तिची जोडीदार ८८ एस प्रो घे. मी मागे, तू पुढे. सात्विक-चिरागसारखं." (ही भारताची नावाजलेली डबल्स जोडी.) किंमत १५ हजारांच्या घरात. दिवाळीनंतर आसपासच्या सोसायट्यांची स्पर्धा आहे आणि गेल्या वर्षी ही जोडी पहिल्याच फेरीत हरली होती. वाचकांची सध्याची रॅकेट सहा वर्षांपूर्वीची (गटिंग, म्हणजे जाळीची तार, घेतलं तेव्हाचंच, अजून तुटलेलं नाही). उजवा कोपर अधूनमधून दुखतो. पत्नीचं मत आहे की, "रॅकेट बदलून काय होणार, तू खाली वाकतच नाहीस." नको म्हटलं तर साडूंना लागेल, घेतली तर घरात बोलणी बसतील. प्रश्न असा की, डबल्ससाठी नेमकी कोणती रॅकेट घ्यावी?

नमस्कार.

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकून मोकळे झालात. सहा वर्षं एकच गटिंग! गट तुटलं नाही म्हणजे ते चांगलं आहे, असा आपल्याकडे सर्रास समज असतो. नायलॉनची तार ताण सोडतच असते. खेळलात तर लवकर सोडते आणि रॅकेट कपाटावर पडून राहिली तरी सोडते. आठवड्यातून तीनदा खेळणाऱ्याने वर्षाला दोन-तीन वेळा तरी गटिंग करून घ्यावं. सहा वर्षांच्या गटवर शटल आदळलं की 'टक्' न येता 'धप्प' असा आवाज येतो आणि ते कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. मग शटल मागच्या लाइनीपर्यंत न्यायला आपण हात जोरात फेकतो. तुमच्या कोपराच्या दुखण्यात याचाही वाटा असू शकतो.

तेव्हा पहिलं काम: आहे त्याच रॅकेटचं गटिंग. मजुरी धरून काही शेकड्यांत होतं. नेण्याआधी फ्रेमवरून अंगठा फिरवून कुठे चीर लागते का पाहा, विशेषतः वरच्या बाजूला, जिथे रॅकेट जमिनीला घासते. चीर असेल तर गटिंगचे पैसे घालू नका, मशिनवर ताण देतानाच ती फ्रेम बसेल. फ्रेमच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या झिजल्या असतील तर त्या बदलायला सांगा, नाहीतर नवं गट तिथेच कापलं जाईल. गट कोणतं म्हणाल, तर नायलॉनच्या शटलने खेळत असाल तर योनेक्सचं बीजी ६५ पुरे. ०.७० मिलिमीटर जाड असतं आणि टिकतं. पिसाच्या शटलने खेळत असाल आणि थोडी उसळी हवी असेल तर बीजी ६६ अल्टिमॅक्स. ते ०.६५ चं आहे, फटका छान निघतो, पण लवकर तुटतं हे धरून चाला.

ताण २३ ते २४ पौंड. दुकानदार विचारेल, "अठ्ठावीस मारू?" नको म्हणा. जास्त ताण म्हणजे जास्त जोर, हा समज नेमका उलटा आहे. ताण वाढला की तारेची उसळी कमी होते, जोर आपल्या मनगटातून काढावा लागतो आणि जाळीचा जो भाग शटल नीट परतवतो तो आक्रसतो. ज्याचा प्रत्येक फटका अगदी मधोमध बसतो त्याला त्यातून अचूकपणा मिळतो. आपल्यासारख्यांना मिळतात कडेला बसलेले फटके आणि कोपराला बसणारे झटके.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पण त्याआधी तुम्हाला एक विचारायचंय. गेल्या वर्षी पहिल्या फेरीत हरलात ते कोणत्या फटक्यांवर? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. पुढच्या दोन संध्याकाळी मोबाइल मागच्या खुर्चीवर टेकवून एकेक गेम रेकॉर्ड करा आणि घरी आल्यावर फक्त गमावलेले पॉइंट पाहा. माझा अंदाज सांगतो. स्मॅश कमी जोराचा पडला म्हणून गेलेले पॉइंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतील. बाकीचे गेले असतील ते सर्व्हिस जरा उंच गेली म्हणून, अंगावर आलेल्या स्मॅशला रॅकेट आडवी आली नाही म्हणून किंवा नेटजवळच्या सपाट ड्राइव्हच्या देवाणघेवाणीत तिसऱ्या फटक्याला हात उशिरा पोचला म्हणून. हौशी डबल्समध्ये पॉइंट जातात ते रॅकेट उशिरा पोचल्यामुळे. तुमची रॅकेट निवडायची ती एवढ्याच कसोटीवर: दोन फटक्यांच्या मधे ती किती लवकर पुन्हा समोर येते?

म्हणून जोरापेक्षा चपळाई पाहा. सिंगल्समध्ये एका फटक्यानंतर पाय हलवायला वेळ मिळतो. डबल्समध्ये चौघं जण २० फूट रुंदीत उभे असतात आणि शटल छातीच्या उंचीवरून इकडून तिकडे जात असतं. तिथे हेड, म्हणजे जाळीचा गोल भाग, जड असलेली रॅकेट मागून यायला क्षणभर जास्त घेते, आणि पॉइंट जायला तेवढा क्षण पुरतो.

"पण हेड-हेवीशिवाय स्मॅश बसत नाही," असं साडू म्हणतील. तेव्हा त्यांना त्यांच्याच आवडत्या जोडीतलं एक उदाहरण द्या. एप्रिल २०२३ मध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीने जपानमधल्या योनेक्सच्या कारखान्यात चाचणीत ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारला आणि त्याची गिनीज विक्रम म्हणून नोंद झाली. हातात होती नॅनोफ्लेअर १००० झेड. नॅनोफ्लेअर ही योनेक्सची हेड-लाइट, म्हणजे हलक्या हेडची, मालिका आहे. अर्थात तो सात्विकचा खांदा होता आणि ती चाचणी होती, सामना नव्हे. पण जोर हेडच्या वजनातून येतो ही समजूत ढिली करायला एवढं बस आहे.

आता ८८ च्या जोडीबद्दल. साडू म्हणतात त्यात तथ्य आहे. योनेक्सने या दोन रॅकेट डबल्सच्या दोन जागा डोळ्यांसमोर ठेवूनच काढल्या: 'डी' मागून हल्ला करणाऱ्यासाठी, 'एस' पुढे नेटवर खेळणाऱ्यासाठी. रॅकेट उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण दोन गोष्टी दुकानात सांगत नाहीत. एक, 'एस' सुद्धा हेड-हेवीच आहे, 'डी'पेक्षा थोडी कमी इतकंच. दुसरी, 'प्रो' आवृत्तीचा शाफ्ट, म्हणजे हँडल आणि हेडमधली दांडी, कडक असतो. कडक शाफ्ट वाकवायला वेगवान स्विंग लागतो. तो स्विंग नसेल तर शाफ्ट जवळपास वाकतच नाही, मग त्याचा फायदाही मिळत नाही आणि सगळा भार दंडावर आणि कोपरावर येतो. याच मालिकेत 'गेम' आणि 'प्ले' या स्वस्त आवृत्त्या आहेत, त्यांचा शाफ्ट जास्त लवचिक असतो. आपल्या वयाच्या, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला त्या 'प्रो'पेक्षा जास्त साथ देतील. स्वस्त घेतली म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका.

खरा मुद्दा मात्र वेगळाच आहे. तुम्ही पुढचे, हे ठरवलं कुणी? पत्रात "मी पुढे असतो" असं तुम्ही लिहिलंय, तुम्हाला पुढे खेळायला आवडतं का ते लिहिलेलं नाही. पुढे-मागे ही रचना फक्त हल्ल्याच्या वेळची. तुमच्यापैकी एकाने लिफ्ट दिली, म्हणजे शटल खालून उंच मागे टाकलं, की दोघांनीही बाजूबाजूला यायचं असतं आणि मग समोरचा स्मॅश मारणार तो दोघांपैकी जो कच्चा वाटेल त्याच्यावर. चिराग शेट्टी आपल्या मुंबईचाच. तो आणि सात्विक खेळताना नीट पाहिलंत तर दिसेल की चिराग नेटवर जास्त असतो, सात्विक मागून जास्त मारतो, पण फिरणं अखंड चालू असतं. चिराग मागे गेला तर तोही तितक्याच त्वेषाने मारतो. २०२२ चा थॉमस कप, हांगझोच्या एशियाडचं सुवर्ण, २०२३ मधलं जागतिक क्रमवारीतलं पहिलं स्थान, यातलं काही 'तू पुढेच थांब' म्हणून आलेलं नाही. साडू मागून हलत नसतील आणि तुम्ही नेटजवळ खिळून राहत असाल, तर हुशार प्रतिस्पर्धी तुमच्या डोक्यावरून मागच्या कोपऱ्यात टाकत राहील आणि साडू दमून जातील. गेल्या वर्षी असंच काहीसं झालं नाही ना? व्हिडिओत तेही पाहा.

तर नवी रॅकेट घ्यायचीच असेल तर अशी घ्या: वजन ४यू, म्हणजे ८० ते ८४.९ ग्रॅम. बॅलन्स इव्हन (हेड ना जड, ना हलकं) किंवा किंचित हेड-लाइट. शाफ्ट मध्यम. हँडल जी५. योनेक्समध्ये 'जी'चा आकडा वाढतो तसं हँडल बारीक होतं, हे लक्षात ठेवा, नाहीतर उलटीच येईल घरी. ५यू म्हणजे ७५ ते ७९.९ ग्रॅम. हातात घेतली की मजा वाटते, पण जोरदार स्मॅश अडवताना हातात हलते असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. मनगट नाजूक असेल तर मात्र ५यू जरूर वापरून पाहा. योनेक्सच्या आर्कसेबर आणि नॅनोफ्लेअर, व्हिक्टरची ऑरास्पीड, ली-निंगची ब्लेडेक्स या मालिकांमध्ये तुमच्या कामाच्या रॅकेट सापडतील. प्रत्येक मालिकेत महागड्या आणि परवडणाऱ्या अशा दोन्ही असतात. परवडणाऱ्या पाहा.

बॅलन्स पाहायची दुकानातली सोपी रीत: दोन्ही हातांच्या तर्जनी पुढे करून दोन रॅकेटचे शाफ्ट त्यांवर आडवे ठेवा आणि तोल सापडेपर्यंत सरकवा. जिचा तोल हेडच्या बाजूला जास्त सरकल्यावर सापडतो ती जास्त हेड-हेवी. दोन्हींना गट असावं किंवा दोन्ही बिनगटाच्या असाव्यात, नाहीतर तुलना फसते. वर ग्रिप चढवली की हँडलकडचं वजन वाढतं आणि रॅकेट थोडी हेड-लाइट वाटू लागते, तेही हिशेबात धरा. शाफ्ट हाताने वाकवून "बघा, किती कडक!" म्हणणाऱ्या सेल्समनला हसून मान डोलवा आणि सोडून द्या. त्यातून काही कळत नाही.

धोबीतलावला क्रीडासाहित्याची दुकानं ओळीने आहेत आणि तुमचं ऑफिस फोर्टात, म्हणजे चालत जाण्याइतकं जवळ. गर्दी कमी असेल अशा दिवशी दुपारच्या सुट्टीत जा, घाईच्या शनिवारी नको. पण दुकानात हवेत फिरवून पाहणं वेगळं आणि खेळणं वेगळं. त्याआधी हॉलमध्ये जे खेळतात त्यांच्या रॅकेट मागून घ्या. एका रॅकेटने निदान पूर्ण एक गेम खेळा आणि त्यात मुद्दाम डिफेन्स करा: समोरच्याला सांगा, माझ्या अंगावर मार. स्मॅश मारताना सगळ्याच रॅकेट छान वाटतात. साडूंची ८८ डी सुद्धा अशीच एक संध्याकाळ घ्या. कोपराचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मिळेल.

ऑनलाइन निम्म्या किमतीत 'प्रो' दिसली तर बोट आवरा. योनेक्सच्या नकली रॅकेट बाजारात भरपूर आहेत आणि रंगरूपाने हुबेहूब असतात. अधिकृत विक्रेता, पक्कं बिल आणि सिरियल नंबर असल्याशिवाय घेऊ नका.

पैशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डबल्स खेळणाऱ्याने १५ हजारांची एक रॅकेट घेण्यापेक्षा चार-साडेचार हजारांच्या एकसारख्या दोन घ्याव्यात. मधल्या शटलवर दोघंही धावतात आणि रॅकेटवर रॅकेट आपटते, हे डबल्समध्ये व्हायचंच. अशी फुटलेली फ्रेम वॉरंटीत भरून मिळेल ही आशा ठेवू नका. साडूंची रॅकेट तुमच्या रॅकेटने फुटली तर पुढच्या रक्षाबंधनाला दोन बहिणींच्या घरी काय वातावरण असेल, ते मी सांगायला नको. शिवाय १८-१८ वर गट तुटलं तर पिशवीत तशीच दुसरी असायला हवी. तेव्हा पार्टनरची जड रॅकेट हातात आली की सर्व्हिससुद्धा नेटमध्ये जाते.

कोपराबद्दल थोडं सविस्तर, कारण हा प्रश्न इतरही बऱ्याच जणांचा आहे. मुंबईच्या दमटपणात ग्रिप ओली होते, रॅकेट निसटेल म्हणून आपण ती आवळून धरतो आणि तास-दीड तास बाहू ताठ राहतो. ग्रिप सैल धरायची आणि फक्त फटक्याच्या क्षणी आवळायची, ही सवय कोणत्याही रॅकेटपेक्षा कोपराला जास्त आराम देते. त्यासाठी ग्रिप कोरडी हवी. ओव्हरग्रिप पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी बदला. एकावर एक चढवू नका, जुनी काढूनच नवी लावा. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा तळातली मूळ ग्रिपही उलगडून लाकडी हँडल पाहा, काळी बुरशी दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पुसून दिवसभर वाळू द्या आणि नवी ग्रिप घाला. फार घाम येत असेल तर टॉवेल ग्रिप उत्तम, फक्त तिने हँडल जाड होतं. रॅकेट पार्क केलेल्या गाडीत ठेवू नका, उन्हात गट आणखी लवकर ढिलं पडतं. आणि हे सगळं करूनही तीन-चार आठवड्यांत दुखणं कमी झालं नाही, किंवा चहाचा कप उचलताना कळ येऊ लागली, तर रॅकेटचा विषय बाजूला ठेवा आणि फिजिओथेरपिस्टकडे जा.

पत्नीच्या बोलण्याकडेही लक्ष द्या. "वाकत नाहीस" हे त्यांनी बाकावर बसून पाहिलं असेल, पण बरोबर पाहिलंय. डिफेन्समध्ये गुडघे वाकलेले नसतील तर कमरेखाली आलेला स्मॅश कुठल्याच रॅकेटने निघत नाही.

आता साडू. त्यांचा आग्रह तुम्हाला ओझं वाटतोय, पण त्यात जिव्हाळाही आहे हे विसरू नका. त्यांना पार्टनर म्हणून तुम्हीच हवे आहात. म्हणून बायकांमार्फत निरोप पाठवू नका आणि "बघू, दिवाळीच्या बोनसनंतर" असं टोलवत राहू नका. सरळ बोला: "तुझी रॅकेट मी खेळून पाहिली, भारी आहे, पण माझ्या कोपराला झेपत नाही. मी हलकी घेतोय. आणि अजून एक, आपण दर संध्याकाळी एक गेम जागा बदलून खेळू या, मलाही मागे खेळायचं आहे." दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जड जाईल, पण तेच बोलायला हवं. पहिले काही दिवस तुम्ही मागून लांब मारून बाहेर घालवाल आणि ते नेटवर टॅप चुकवतील. चालू द्या. दुकानात जाताना त्यांना सोबत न्या. रॅकेट त्यांच्यासमोर निवडलीत की ती त्यांचीही निवड होते, नंतर कुरकुर होत नाही.

अशाच विचारात असलेल्या इतरांसाठी थोडं. मिक्स्ड खेळणाऱ्या भगिनींना क्लबात हमखास "तुम्ही काय, नेटवरच असणार" म्हणून सगळ्यात हलकी रॅकेट गळ्यात मारली जाते. मिक्स्डमध्ये बाईने नेट जास्त सांभाळायचं ही रूढ पद्धत आहे हे खरं, पण लेडीज डबल्सही खेळत असाल तर मागून सारखे टॉस, म्हणजे उंच लांब फटके, मारावे लागतात आणि अतिहलक्या रॅकेटने ते अर्ध्यावर पडतात. तुम्हीही ४यू इव्हन बॅलन्सपासून सुरुवात करा. तुमच्या जोडीत स्मॅश मारणारे खरोखरच तुम्ही असाल, खांदा दुखत नसेल आणि मागून फटका वेळेवर बसत असेल, तर हेड-हेवी बेशक घ्या. कॉलेजात नियमित कोचिंग घेणाऱ्या मुलांनी माझं न ऐकता आपल्या कोचचं ऐकावं. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना बाबांची जुनी जड रॅकेट देऊ नका, खांदा दुखावतो.

शेवटी वेळेचं गणित. स्पर्धा दिवाळीनंतर आहे. गटिंग या आठवड्यात करा आणि पंधरा दिवस त्यावर खेळा. त्या पंधरा दिवसांनी नवी रॅकेट हवीशी वाटली नाही तर घेऊ नका. वाटली तर स्पर्धेच्या निदान महिनाभर आधी घ्या, म्हणजे हातात बसायला वेळ मिळेल. दुसऱ्या रॅकेटचं गटिंगही त्याच गटने, त्याच पौंडांवर, त्याच दिवशी करून घ्या. दुकानदाराकडून ताण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी शाफ्टला लावून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी मला पुन्हा कंसात लिहावं लागेल तुम्हाला.